रविवारी वायरमन मिळत नाही

दुकानाच्या शटरवर पांढऱ्या ऑइलपेंटने चार वाक्यं लिहिली आहेत. 'रविवार बंद. मेन स्विच पाडा. हात लावू नका. सोमवारी सकाळी येतो.' गावातल्या एका गुरुजींनी त्याला सुचवून पाहिलं होतं, की बाबा, वर एक 'क्षमस्व' तरी घाल, बरं दिसेल. त्याने घातलं नाही. "ज्याच्या बोर्डातनं धूर निघतोय तो क्षमस्व वाचत बसेल का?"

हा माझा मामेभाऊ. त्याचं नाव या लेखात येणार नाही, ही त्याची पहिली अट. दुसरी अट, फोटो नको. कारण विनयाचं नाही, व्यवहाराचं आहे. "नाव छापून आलं की फोन वाढतात. मला आहेत तेवढे बास झाले." तेव्हा गाव म्हणतं तेच मीही म्हणतो. वायरमन.

गाव अकोले. अकोला नव्हे. हा खुलासा इथल्या प्रत्येक माणसाला आयुष्यभर करावा लागतो; आजोबांच्या वेळी इथली पत्रं विदर्भ बघून यायची, आता कुरिअर बघून येतात. प्रवरेच्या काठी, अगस्ती ऋषींच्या आश्रमाचं हे गाव. जिल्हा नगर, म्हणजे आता अहिल्यानगर. तालुक्याचा पूर्व भाग ऊस-कांद्याचा आणि पावसाची वाट बघणारा. पश्चिमेला राजूर ओलांडून भंडारदऱ्याकडे निघालं की हवाच पालटते. घाटघर-रतनवाडीला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो आणि तेच ढग अकोल्यापर्यंत येईतो रिकामे होतात. एकाच तालुक्यात एकीकडे बोअर आटली म्हणून मोटर जळते, तर दुसरीकडे भिंतीत ओल उतरली म्हणून बोर्ड जळतो. वायरमनला दोन्हीकडून बोलावणं असतं.

आयटीआयच्या प्रमाणपत्रावर त्याचा व्यवसाय 'वीजतंत्री' असा छापलाय. शेजारच्या वर्गात शिकायचे ते 'तारतंत्री'. समोरच्या शेडमधले 'जोडारी' आणि 'संधाता', म्हणजे फिटर आणि वेल्डर. किती छान शब्द आहेत हे, आणि किती निरुपयोगी! आयटीआयच्या फाटकाबाहेर त्यातला एकही आला नाही. गावात वायरमन दोनच प्रकारचे, बोर्डाचा आणि खाजगी. राज्य वीज मंडळाचे २००५ साली तुकडे होऊन निरनिराळ्या कंपन्या झाल्या, खांबावर चढणाऱ्याला महावितरणने 'जनमित्र' असं गोड नाव दिलं, तरी लोकांच्या तोंडी अजून 'बोर्ड'च आहे. खांबापासून मीटरपर्यंत बोर्डाचा माणूस, मीटरच्या पुढे हा. कागदावर सीमा स्पष्ट आहे. रात्री अकराला डीपीवरचा फ्यूज उडाला की ती पुसट होते, आणि शेतकरी ज्याचा नंबर हाताशी असेल त्याला फोन लावतो.

भाद्रपद संपता संपता, नवरात्राच्या तोंडावर, मी तीन दिवस त्याच्या मागे मागे हिंडलो. पहिल्या दिवशी सकाळी सातलाच एका नव्या घराच्या स्लॅबवर. सळया बांधून झाल्या होत्या, काँक्रीटची गाडी दुपारी येणार होती. मधला जो अर्धा दिवस, तो वायरमनचा. एवढ्या वेळात सळयांच्या जाळीखालून पाइप फिरवायचे, पंख्याचे बॉक्स जागेवर बांधायचे, त्यांत ओला कागद कोंबून वरून चिकटपट्टी मारायची, म्हणजे सिमेंटचं पाणी आत शिरत नाही. एकदा काँक्रीट पडलं की चूक घराइतकीच टिकाऊ. मालक सांगत होता, इथे दोन पॉइंट, तिथे एक. याने ते ऐकून घेतलं आणि खाली उतरून मालकीणबाईंना विचारलं, "ताई, मिक्सर ओट्याच्या डाव्या अंगाला ठेवणार का उजव्या?" त्या गोंधळल्या. घराच्या बाबतीत त्यांना कोणी प्रश्न विचारल्याची ती पहिलीच वेळ असावी. मग मात्र त्या बोलत्या झाल्या. मिक्सर, फ्रिज, देवघरातला दिवा, शिलाई मशीन, सासूबाईंच्या उशाशी हाताला येईल असं बटण. मालकाच्या नऊ पॉइंटांचे चौदा झाले.

"बाईला विचारलं नाही की सहा महिन्यांनी परत बोलावतात," तो गाडीला किक मारता मारता म्हणाला. "मग भिंतीला झिरी मारा, रंग खराब करा, आणि वर बोलणी खा."

दुपारी बाजारपेठेतल्या एका जुन्या घरात. तिथे अजून सागवानी पट्टीवरचं वायरिंग आहे. लाकडी पट्टी, तिच्यावर एका अंतराने ठोकलेल्या पत्र्याच्या क्लिपा, आणि त्यांत घट्ट धरलेली वायर. अशा घरात शिरला की तो वडिलांच्या भाषेत बोलायला लागतो. 'एक-अठरा', 'तीन-बावीस', 'सात-वीस'. पहिला आकडा तारेतल्या पेडांचा, दुसरा जाडीच्या गेजचा. आता वायर चौरस मिलिमीटरवर मिळते; दिव्यांना एक किंवा दीड, पॉवरला अडीच किंवा चार. पण जुने कारागीर अजून दुकानात येऊन 'सात-वीस दे' म्हणतात आणि याची बायको न बिचकता मोजून देते.

तिच्याबद्दल आत्ताच सांगायला हवं, नाहीतर हा लेख अर्धाच राहील. दुकान ती चालवते. कुठला होल्डर टिकतो, कुठला दोन महिन्यांत सैल होतो, कोणाची उधारी गाळपानंतर येते आणि कोणाची येतच नाही, हे तिला पाठ आहे. पंखा हळू फिरतो म्हणून कोणी नवा घ्यायला आलं तर ती आधी अडीच एमएफडीचा कंडेन्सर पुढे करते. "हा बदलून बघा. नाही फिरला तर पंखा घ्यायला या." अशाने धंदा कसा व्हायचा, असं मी विचारलं. "भाऊजी, फिरला की तो माणूस घरातल्या सगळ्या सामानाला आपल्याकडेच येतो."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही शेतात होतो. विहिरीवरची साडेसात हॉर्सपॉवरची मोटर जळाली होती. कारण नेहमीचंच. तीनपैकी एक फेज गेली, मोटर दोनवर ओढत राहिली आणि तापून बसली. ते टाळायचं यंत्र स्टार्टरमध्ये असतं. बऱ्याच जणांनी ते काढून टाकलेलं असतं, कारण ते वारंवार मोटर बंद पाडतं. आणि मोटर बंद पडली तर रात्री दोनला थंडीत उठून पुन्हा चालू करायला कोणी जायचं? शेतीची वीज पाळीपाळीने मिळते, त्यात रात्रपाळी आली की शेतकऱ्याला बिबट्याचं भय आणि सापाचं भय. म्हणून तो यंत्राचा गळा दाबतो आणि मोटरचा बळी जातो. वायरमन यावर शेतकऱ्याला उपदेश करत नाही. एकदाच सांगतो, दुसऱ्यांदा नाही. "त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं."

मोटर भरणं, म्हणजे रिवाइंडिंग, हा मूळचा मामांचा धंदा. लहानपणी सुट्टीत आजोळी आलो की त्यांच्या शेडमध्ये बसायचो. जळक्या वार्निशचा उग्र गोडसर वास, लाकडी साच्यावर वेढे मोजणारे मामा, आणि वेढे मोजताना त्यांच्याशी कोणीही बोलायचं नाही हा घरचा कायदा. एक आकडा चुकला की सगळी कॉइल उकलायची. मामा दिवसाचे चौदा तास त्या शेडमध्ये असत. सोमवार नाही, रविवार नाही. अकोल्यात जन्मून अकोल्यातच गेले आणि रतनगड त्यांनी लांबूनच पाहिला. हे मला मामींनी सांगितलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, नुसतं. पण मुलाने ते तक्रार म्हणूनच ऐकलं असावं.

तरी रविवार बंद होण्याचं खरं कारण वेगळं आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्यातल्याच एका मंगल कार्यालयात लग्नाच्या आदल्या रात्री लाईट गेली. हा शिडीवर चढून मांडवाच्या लाइनची जोडणी बघत होता. मेन पाडलेला होता, टेस्टर लावून झाला होता. तेवढ्यात मागच्या बाजूला कोणीतरी जनरेटर चालू केला. जनरेटर आणि बोर्डाची लाइन एकमेकींना भेटू नयेत म्हणून मध्ये चेंजओव्हर स्विच लागतो; तिथे तो नव्हता. जनरेटरची वायर थेट एका प्लगात खुपसलेली होती. मेलेली तार उलट्या बाजूने जिवंत झाली आणि त्याची मूठ तिच्यावर आवळली गेली.

वीज माणसाला फेकते असं आपण म्हणतो. घराघरातली वीज बहुतेकदा फेकत नाही, धरून ठेवते. दहा-पंधरा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आपले राहत नाहीत. शंभरच्या आसपास हृदयाचा ठेका बिघडतो. आपला शून्याचा बल्ब याच्या निम्म्याहून अधिक करंट घेतो, एवढ्यावरून अंदाज करा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत देशभरात विजेच्या धक्क्याने मेलेल्यांचा आकडा अलीकडे वर्षाला बारा-तेरा हजारांच्या घरात असतो. त्यांतले कितीतरी अशाच एखाद्या प्लगात खुपसलेल्या वायरीने गेलेले असणार.

खाली उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या हेल्परने त्याला धरलं नाही. धरलं असतं तर दोघेही चिकटले असते. त्याने लाकडी शिडीला लाथ घातली. वायरमन पंधरा फुटांवरून खाली आला, हासळीचं हाड मोडलं, उजवा तळवा भाजला, पण सुटला. तो हेल्पर आता नाशिकला कारखान्यात आहे. दर दिवाळीला त्याच्या घरी फराळाचा पहिला डबा या घरून जातो.

हॉस्पिटलात चौथ्या दिवशी बायकोने त्याचा फोन चार्जिंगला लावून चालू केला. पुढची गोष्ट तिच्याच तोंडून ऐकलेली. "तासाभरात एकवीस फोन आले. मी मोजले. कोणाचा गिझर, कोणाची मोटर, कोणाचा गणपतीचा मांडव. पडला म्हणून गावभर माहीत होतं. कसा आहे, असं विचारणारा एक फोन नव्हता. लोक वाईट नाहीत, भाऊजी. त्यांना वाटतं, वायरमन म्हणजे लाईट. लाईटला कोण विचारतं, कशी आहेस?" तिने फोन बंद केला तो रविवार होता. पुढच्या रविवारीही केला. हा कामाला लागल्यावरही तिने ती पद्धत मोडू दिली नाही.

पहिली दोन वर्षं जड गेली. एका हॉटेलवाल्याने वर्षाचं काम काढून घेतलं. नातेवाईक रुसले. एकाने तर रविवारी घरी येऊन 'माज आलाय' असं दारात उभं राहून सुनावलं. मग हळूहळू गावाला सवय झाली. आता शनिवारी संध्याकाळी दुकानात गर्दी होते. लोक रविवारची बेगमी करतात. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे निम्म्या लोकांना आपापल्या घरचा मेन स्विच कुठे आहे हे या काळात समजलं.

त्या अपघातानंतर त्याच्या काही सवयी कायमच्या झाल्या. टेस्टरवर तो भरवसा ठेवत नाही. "टेस्टर खोटं बोलतो, बल्ब बोलत नाही," म्हणून दोन वायरी लावलेला एक होल्डर आणि त्यात बल्ब, हे त्याच्या पिशवीत कायम. शेवटी, सगळं तपासून झाल्यावर, तार बोटांनी धरण्याआधी तो तिला हाताची मागची बाजू लावतो. करंट असलाच तर मूठ आवळताना हात तारेपासून दूर जातो, तिच्याभोवती नाही. जिथे जाईल तिथे तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा म्हणून मागे लागतो. टीव्हीवर चाळीस हजार घालणारा माणूस त्यासाठी दोन-तीन हजार काढताना कुरकुरतो. बसवलेला असतो तिथेही त्यावरचं 'टी' लिहिलेलं छोटं बटण कोणी वर्षानुवर्षं दाबून बघत नाही. महिन्यातून एकदा ते दाबायचं, खटकन बंद झाला तर ठीक, नाही झाला तर बदलायचा. वाचक, तुम्ही शेवटचं कधी दाबलंत?

आता डोंगर. रविवारी पहाटे साडेचारला त्याच्या घरातला दिवा लागतो. बायको भाकरी थापते, मामी ठेचा कुटतात, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा दोघं मिळून पाण्याच्या बाटल्या भरतात. गाडी जुनी, मालाची. मागे वायरीच्या बंडलांच्या जागी सतरंजी. या सहलींचा पैसा कुठून येतो त्याची एक वेगळीच व्यवस्था आहे. घरात एक जुना पत्र्याचा डबा आहे, तेलाचा. आठवडाभराच्या कामातले वायरीचे तुकडे त्यात येतात. रात्री जेवणं झाली की मामी जुन्या विळीवर त्यांचं आवरण सोलतात आणि लालभडक तांबं वेगळं करतात. भंगारवाले वायरी जाळून तांबं काढतात. या घरात जाळायची सक्त मनाई आहे. "तो धूर मुलांच्या छातीत जातो," मामी म्हणतात. सत्तरीच्या मामींचे हात रिकामे राहत नाहीत आणि नातवंडं त्यांच्यापाशी बसून आपापला वाटा सोलतात. डबा भरला की मोडीत जातो. ते पैसे डिझेलचे, दोरीचे, बुटांचे. दुकानाच्या गल्ल्याला हात लावायचा नाही. तांबं जेवढं, तेवढा डोंगर.

आणि डोंगर या तालुक्यात काही कमी नाहीत. १६४६ मीटरचं कळसूबाई शिखर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच, इथेच आहे. नवरात्रात बारी गावाकडून लोखंडी शिड्या चढत माणसांची रांग लागते, आणि एक दिवस याचंही कुटुंब तिच्यात असतं. हरिश्चंद्रगडावर ते पाचनईच्या वाटेने जातात, कारण मामी एकदा म्हणाल्या होत्या की मलाही केदारेश्वराच्या गुहेतली पिंड बघायची आहे. ती वाट त्यातल्या त्यात सोपी. मामी गेल्या. कमरेएवढ्या गार पाण्यात उभी असलेली ती पिंड आणि चार खांबांपैकी उरलेला एकच खांब पाहून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यांना आणायला हवं होतं." यांना, म्हणजे मामांना.

मला सगळ्यांत आवडली ती घाटघरची फेरी. जूनमध्ये मी त्यांच्याबरोबर होतो. भंडारदऱ्याचं धरण मागे टाकलं. इंग्रजांनी १९१० साली बांधायला घेतलेलं हे धरण १९२६ साली पुरं झालं आणि आजही उभ्या प्रवरा खोऱ्याचा ऊस त्याच्या जिवावर आहे. पुढे रस्ता संपतो तिथे सह्याद्री तुटतो आणि खाली एकदम कोकण. त्या कड्यावर घाटघरचा जलविद्युत प्रकल्प आहे. वर एक धरण, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ दुसरं, आणि मध्ये चारशे मीटरच्या वर उतार. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. एकशे पंचवीस मेगावॅटचे दोन संच. कड्यापाशी उभं राहून बाप मुलीला समजावत होता, "हा बघ, सह्याद्रीचा इन्व्हर्टर."

मुलीने विचारलं, "पाणी वर चढवायला जास्त लाईट लागत असेल ना, मिळते त्यापेक्षा?"

"लागते."

"मग तोट्याचा धंदा झाला."

"आपल्या इन्व्हर्टरचं काय वेगळं आहे? लाईट असते तेव्हा जास्त खातो, नसते तेव्हा कमी देतो. पण नसते तेव्हा देतो ना!"

मी अभियांत्रिकीची चार वर्षं काढली आहेत. पंप्ड स्टोरेजचं याहून चोख वर्णन मला एकाही प्राध्यापकाकडून मिळालं नव्हतं.

त्याच रात्री काजवे बघितले. कुठे, ते गाव लिहायचं नाही, ही त्याची तिसरी अट. मीही ती मोडणार नाही. मेअखेरीपासून पहिला जोरदार पाऊस लागेपर्यंत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या आसपास सादडा, हिरडा, बेहडा, उंबर अशा झाडांवर काजव्यांचे थवे बसतात. रस्त्यापासून आम्ही वीसेक मिनिटं आत चालत गेलो. त्याने सगळ्यांचे मोबाइल बंद करून पिशवीत टाकायला लावले, टॉर्चसुद्धा. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ पायाखालचं काही दिसत नाही आणि शहरातला माणूस उगाच खोकतो. मी खोकलो.

मग एक झाड पेटलं. पेटलं हा शब्द चुकीचा, पण दुसरा सुचत नाही. आधी सुटे ठिपके, मग एका फांदीवरचे सगळे एकदम, मग ते पाहून शेजारची फांदी, आणि थोड्या वेळाने सबंध झाड एका ठेक्यात उघडझाप करायला लागलं. नर चमकतात, मादी खालून उत्तर देते. पंख फुटल्यावर दोन-तीन आठवड्यांचं आयुष्य. तेवढ्यात हाक मारायची आणि ओ मिळवायची. जुना पिवळा बल्ब जेमतेम पाच टक्के वीज उजेडात घालायचा, बाकीची उष्णता. काजव्याच्या पोटातला दिवा जवळजवळ तापतच नाही. हे मी त्याला सांगणार होतो, पण त्याला ठाऊक होतं. तो मांडी घालून बसला होता. लहानगा त्याच्या मांडीवर. बऱ्याच वेळाने हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, फेज नाही, न्यूट्रल नाही. आणि बघ, एक तरी होल्डर सैल आहे का?"

मुलगी झाडाच्या उघडझापीतले सेकंद मोजत होती. मोजताना तिच्याशी कोणी बोललं नाही. मामांच्या शेडमधला कायदा इथवर आला होता.

हा लेख इथे थांबवला तर छान दिसेल, पण खरा होणार नाही. काजव्यांच्या दिवसांत या भागात शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचे फ्लॅश. नराची हाक मादीला दिसतच नाही, मग पुढच्या वर्षीची पिढी कुठून येणार? चार वर्षांपूर्वी जंगलाच्या कडेला तंबूंची राहण्याची सोय करणाऱ्या एकाने याला झाडांच्या रांगेवर हॅलोजन लावायचं काम देऊ केलं. मोठं काम होतं, दुकानाची अर्धी उधारी फिटली असती. याने नाही म्हटलं. ते काम दुसऱ्या वायरमनने केलं, हॅलोजन लागले. याच्या नकाराने एकही झाड अंधारात राहिलं नाही.

वर त्याला ऐकून घ्यावं लागलं ते निराळंच. त्या गावातल्या एका ठाकर पोराने, जो घरातच दोन खोल्या पाहुण्यांना देतो, त्याला तोंडावर विचारलं. "वायरमनभाऊ, तुम्ही रविवारी येता, अंधार बघता आणि लाईटच्या गावाला परत जाता. आमच्या वाडीत पावसाळ्यात तारेवर झाड पडलं तर दोन-दोन दिवस अंधारच असतो. आम्ही अंधार किती बघायचा?" धरणं या डोंगरात, वीज या पाण्यावर, आणि काळोख या वाड्यांच्या वाट्याला. यावर उत्तर नव्हतं. मला आजही नाही.

वायरमनने उत्तर दिलं नाही, काम केलं. त्या पोराच्या घराचं सगळं वायरिंग नव्याने करून दिलं, मजुरी न घेता, नुसत्या सामानाच्या पैशात. अर्थिंगसाठी खड्डा दोघांनी मिळून खणला, कोळसा आणि मिठाचे थर एकावर एक भरले. आत भरपूर उजेड. पोरांना अभ्यास करता यावा, चुलीपाशी दिसावं. अंगणातले दिवे मात्र पिवळे, कमी वॅटचे, तोंड खाली केलेले, आणि त्या सगळ्यांना मिळून एकच बटण. काजव्यांच्या दिवसांत रात्री आठला तो पोरगा ते बटण बंद करतो आणि पाहुण्यांना सांगतो, आता बसा गप्प. त्याच्याकडचं बुकिंग कमी झालं नाही. शेजारच्या दोन घरांनीही तसंच करून घेतलं. हॅलोजनवाला अजून आहे. त्याच्या बाजूच्या झाडांवर काजवे विरळ झालेत असं वायरमन म्हणतो. मोजणी कोणी केलेली नाही.

खंडेनवमीला त्याने पकड, टेस्टर, ड्रिल आणि तो बल्बचा होल्डर पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहिली. मुलीने त्यांत घरातल्या बुटांचा एक जोड आणून ठेवला. मामींनी भुवया उंचावल्या, पण हळद-कुंकू त्यावरही टेकवलं.

आता दिवाळी म्हणजे त्याचा सुगीचा काळ. माळा, आकाशकंदील, सोसायट्यांची रोषणाई, दुकानांच्या पाट्या. मागच्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी रात्री नऊपर्यंत तो शिडीवर होता. त्याच्या स्वतःच्या घराच्या गॅलरीतला होल्डर दोन वर्षांपासून सैल आहे, कंदील मधूनच विझतो. बायको आठवण करते, तो सोमवारी बघतो म्हणतो. यंदा भाऊबीजेनंतरच्या रविवारी सगळे रतनगडावर जाणार आहेत, नेढ्यातून सूर्योदय बघायला. डबा तीन चतुर्थांश भरलाय. मामी सोलतायत.

तेव्हा अकोल्याकडे गेलात, राजूरचे पेढे घेतलेत, मुक्कामाच्या ठिकाणी लाईट गेली, तर घाबरू नका. मेन स्विच पाडा. हात लावू नका. गावात चांगला वायरमन आहे, फोन केलात तर अर्ध्या तासात येईल. रविवार सोडून.